गाडी उलाळ होऊ नये म्हणून

खंडेनवमीचा दिवस. आपल्या घरी त्या दिवशी नांगर, कुळव, विळा, खुरपे, कुऱ्हाड अशी सारी आयुधे धुऊन-पुसून ओळीने मांडतात आणि त्यांना हळदकुंकू वाहतात. वर्षभर ज्यांनी घर पोसले, त्यांना एक दिवस विसावा. यंदा या सणाला मी थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे गेलो होतो. आक्काचे गाव कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीच्या शिवेला लागूनच आहे. पूर्वी तिच्या अंगणात दोन गाड्या आणि चार बैल असत. आता एक ट्रॅक्टर आणि भाच्याची मोटारसायकल आहे. पूजा आटोपली तसा भाचा म्हणाला, "मामा, आता आमच्या कंपनीतली पूजा बघायला चला. आज घरच्या माणसांना आत सोडत्यात."

आक्का, दाजी आणि मी असे तिघे गेलो. शेडमध्ये सगळी यंत्रे धुऊन चकचकीत केली होती. भाचा आम्हाला ज्या यंत्रापाशी घेऊन गेला, ते पिवळ्या रंगाचे, छोट्या ट्रॅक्टरएवढे, पण बुटके आणि दणकट होते. त्याच्या तोंडाशी उभा लोखंडी सांगाडा, आणि त्यातून पुढे निघालेली, जमिनीलगत टेकलेली दोन लांब चपटी शिंगे. सांगाड्याला दोन उसांची कमान, मधोमध झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. हेच फोर्कलिफ्ट. भाचा गेल्या वर्षापासून हे चालवतो.

आक्काने कुंकू लावले. दाजी मात्र त्या शिंगांकडे बराच वेळ बघत उभे होते. मग हळूच म्हणाले, "हे दोन टन उचलतंय म्हणं?"

"व्हय आबा. दोन टन, आन् तीन मीटर वर."

दाजींचा हात आपसूक स्वतःच्या कमरेवर गेला. तो का गेला, हे आक्काला आणि मला ठाऊक होते.

पाठीचा हिशेब

आमच्या दाजींची शेती दीड एकर. तेवढ्यावर घर चालेना, म्हणून तरुणपणी त्यांनी कोल्हापूरच्या गूळ बाजारात हमाली केली. कोल्हापुरी गुळाचा मोठा रवा साधारण तीस किलोचा. एक रवा म्हणजे काही फार नव्हे. पण दिवसभरात असे किती उचलायचे याची मोजदाद कोण ठेवतो? साखरेचे पोते तर त्या काळी पुरते क्विंटलाचे, शंभर किलोचे. ते दोघांनी पाठीवर चढवायचे आणि एकट्याने फळीवरून ट्रकात न्यायचे. पन्नाशीला दाजींची कंबर धरली. आज त्यांना खाली वाकून चपलेचा बंद लावता येत नाही.

वाचकहो, दाजींची ही गोष्ट घरोघरची आहे. पाठीवर किती ओझे असावे, याचा विचार करायला जगाला फार उशीर लागला. आपल्या देशात १९४८ च्या कारखाना कायद्यात, इजा होईल इतके जड ओझे कामगाराला उचलायला लावू नये, असे कलम आले. १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने प्रौढ पुरुषाने एका वेळी उचलायचे ओझे ५५ किलोंवर जाऊ नये, अशी शिफारस केली. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी आणि हमालांसाठी वेगळा कायदा केला. त्यामुळे त्यांच्या मजुरीला आणि भविष्यनिर्वाहाला आधार मिळाला. क्विंटलाचे पोते पन्नास किलोवर आले. आपल्या रोजच्या वापरातला युरिया घ्या. त्याची गोणी पन्नास किलोची होती, ती २०१८ पासून पंचेचाळीसची झाली.

हे सारे चांगलेच झाले. पण कारखान्यातला माल काही पंचेचाळीस किलोंच्या मापात तयार होत नाही. इंजिनाचा ओतीव ठोकळा असतो, कापसाची १७० किलोंची गाठ असते, लोखंडाच्या पत्र्याचे गठ्ठे असतात. तिथे माणसाची पाठ पुरी पडणेच शक्य नाही. तिथे हे शिंगांचे यंत्र लागते.

कुलुपवाल्यांचे यंत्र

या यंत्राचा जन्म कसा झाला, ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रेल्वेच्या फलाटावर सामान वाहायला बॅटरीवर चालणारे गाडे आले. ते वाहून नेत, पण उचलत नसत. भरणे आणि उतरवणे माणसांच्याच हाती. पुढे १९१७ मध्ये मिशिगन राज्यात क्लार्क नावाच्या, मोटारींचे आख बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या कारखान्यात माल फिरवण्यासाठी एक छोटा गाडा तयार केला. तो विकायचा त्यांचा विचारही नव्हता. पण कारखाना बघायला येणारे पाहुणे आख बघायचे सोडून त्या गाड्याचीच चौकशी करू लागले! मग कंपनीने तो विकायला काढला.

१९२३ मध्ये येल या कंपनीने बॅटरीच्या गाड्याला पुढे शिंगे आणि वर सरकणारा उभा सांगाडा जोडला. आज आपण जे फोर्कलिफ्ट पाहतो, त्याचा हा खरा पूर्वज. येल ही कंपनी मुळात कुलुपांसाठी प्रसिद्ध. आणि गंमत अशी की आपल्याकडेही साठच्या दशकात फोर्कलिफ्ट बनवायला घेतले ते गोदरेजने. तेही १८९७ मध्ये मुंबईत कुलुपे बनवण्यापासूनच सुरू झालेले घराणे!

मात्र यंत्र आले तरी काम लगेच सोपे झाले नाही. शिंगे घालायला मालाखाली फट हवी ना? ती अडचण दूर केली एका साध्या लाकडी फळकुटाने. त्याला पॅलेट म्हणतात. खाली-वर फळ्या, मध्ये ओंडके, आणि त्यांतून शिंगे जातील एवढी मोकळी जागा. त्यावर एकदा माल रचला की तो शेवटपर्यंत पुन्हा सुटा करायचा नाही. जिथे पन्नास पोती पन्नास वेळा उचलावी लागत, तिथे एक पॅलेट एकदाच उचलायचे. दुसऱ्या महायुद्धात रसद पोचवताना ही जोडी जगभर पसरली. पॅलेटशिवाय फोर्कलिफ्ट म्हणजे जुवाशिवाय बैलजोडी, असे समजा.

कागलच्या माळावर

पंचतारांकित म्हटले की काहींना मोठे हॉटेल आठवते. तसे काही इथे नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. त्याने पुढे ज्या मोठ्या वसाहती रस्ते, पाणी, वीज, राहण्याच्या जागा यांचा एकत्र विचार करून आखल्या, त्यांना हे नाव दिले. कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांत पसरलेली आपली वसाहत त्यांपैकी एक. पुणे-बंगळूर महामार्ग जवळ, कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर. एका बाजूला कसबा सांगाव, दुसरीकडे तळंदगे, चांदीकामाचे हुपरीही फार लांब नाही. सकाळी पहिल्या पाळीच्या वेळेला या गावांच्या वाटांवर मोटारसायकलींची रांग लागते. प्रत्येकीच्या हँडलला डबा. तो डबा भरणाऱ्या माउलीला, आपले पोर तिथे नेमके कशाशी खेळते, हे ठाऊक असावे, म्हणून आजचा हा लेख.

या वसाहतीत माल तरी किती तऱ्हेचा! पंपाच्या इंजिनांमुळे शेतकऱ्याच्या तोंडी ज्यांचे नाव बसले, त्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना इथे आहे. रेमंड लक्झरी कॉटन्स आणि इंडो काउंट यांचे कापडाचे कारखाने आहेत. कोल्हापूरचा ओतीव कामाचा धंदा तर प्रसिद्धच. अशा प्रत्येक मालाला फोर्कलिफ्ट वेगळ्या रूपात लागते. ओतशाळेत ओतीव भागांनी भरलेल्या लोखंडी पेट्या उचलायला साधी शिंगे चालतात. कापसाच्या गाठी उचलायला शिंगांच्या जागी दोन रुंद पंजे बसवतात. ते गाठीला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात, जसे आपण कडब्याची पेंढी बगलेत धरतो. कागदाच्या आणि कापडाच्या मोठ्या रिळांना गोल पंजे असतात. उघड्यावर, खडबडीत आवारात डिझेलचे यंत्र चालते. बंद गोदामात धूर कोंडतो म्हणून बॅटरीचे बरे. ही बॅटरी एवढी जड असते की यंत्राचा तोल सांभाळायलाही तीच कामी येते.

शेतकऱ्याला कळेल असे यंत्र

भाच्याने यंत्र चालू करून दाखवले. शिंगे सरसर वर गेली आणि थांबली. मला वाटले होते, यात काहीतरी अवघड विद्या असेल. पण शेतकऱ्याला यातले बहुतेक सारे आधीच माहीत आहे.

ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक नांगर कसे उचलते? तेल दाबाखाली नळकांड्यात शिरते आणि दट्ट्याला ढकलते. ट्रॉलीचा जॅकही तसाच. फोर्कलिफ्टमध्ये तेच तेल, तोच दट्ट्या. दट्ट्याच्या डोक्यावर चाक असते आणि त्यावरून साखळी जाते, मोटेच्या चाकावरून नाडा जावा तशी. साखळीचे एक टोक यंत्राला पक्के, दुसरे शिंगांना. त्यामुळे दट्ट्या एक हात वर गेला की शिंगे दोन हात वर जातात. आणखी दोन छोटे दट्टे सगळा सांगाडा थोडा मागे कलवतात, म्हणजे माल आपल्याकडे रेलून बसतो. बाई कळशी कमरेवर घेताना किंचित दुसऱ्या अंगाला झुकते, तेच इथेही.

आता मुख्य गोष्ट, ती म्हणजे तोल. बैलगाडी भरताना आपले वडील काय सांगत? ओझे पुढे जास्त झाले तर गाडी धुरजड, बैलांच्या मानेवर भार. मागे जास्त झाले तर उलाळ. जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. म्हणून आखाच्या दोन्ही अंगांना भार सारखा हवा. फोर्कलिफ्ट म्हणजे सदाच एका अंगाला भरलेली गाडी! तिचे ओझे पुढच्या चाकांच्याही पुढे, हवेत. ते तोलायला मागे भरीव ओतीव लोखंडाचा ठोकळा बसवलेला असतो. म्हणून तर दोन टन उचलणारे यंत्र स्वतः तीन टनांहून जड असते. पुढचा आख म्हणजे तराजूची कडी. एका पारड्यात माल, दुसऱ्यात यंत्र.

तराजूत वजन महत्त्वाचे, तसे अंतरही. यंत्रावर एक पाटी असते. तिच्यावर, समजा, २,००० किलो, ५०० मिलिमीटर असे लिहिलेले असते. याचा अर्थ असा की मालाच्या वजनाचा मध्य शिंगांच्या उभ्या बाजूपासून अर्ध्या मीटरवर असेल तरच दोन टन उचलता येतील. उदाहरणापुरता हिशेब करू. शिंगांच्या उभ्या बाजूपासून आख चाळीस सेंटिमीटर मागे आहे असे धरा. म्हणजे मालाचा मध्य आखापासून नव्वद सेंटिमीटरवर आला. आता माल लांबट आहे आणि त्याचा मध्य आणखी पाऊण वीत, म्हणजे सुमारे पंधरा सेंटिमीटर, पुढे गेला. तर तेच यंत्र दोन टनांऐवजी सतराशे किलोच तोलू शकेल. पंचवीस सेंटिमीटर पुढे गेला तर जेमतेम साडेपंधराशे. मालाचे वजन रतीभर वाढलेले नाही, तरी यंत्र उलाळ होईल. आणि उंच उचलल्यावर हा हिशेब अधिकच कडक होतो. नेमके आकडे प्रत्येक यंत्राच्या पाटीवर असतात, ते वाचूनच उचलायचे.

रात्री अंगणात

हा सारा हिशेब भाच्याने मला दिवसा सांगितला. पण तो त्याला कसा उमगला, ते त्याने रात्री सांगितले, तेही आक्का आत भांडी आवरत असताना.

"मामा, आईला बोलू नगा. पयल्या जागी, म्हंजे हितं लागायच्या आदी, मी हेल्पर हुतो. डायवर रजेवर गेला. सायब म्हणला, तुला ट्रॅक्टर येतोय न्हवं? मग बस. मलाबी हौस. बसलो."

पंधरा दिवस बरे गेले. मग एक लांब ओतीव तुकडा आला. उचलताच मागची चाके जमिनीवरून सुटली. साहेब ओरडले, "चढा रे दोघं मागं!" दोन पोरे मागच्या लोखंडी ठोकळ्यावर चढून बसली. चाके टेकली. भाचा सांगत होता, "मला त्यात काय वावगं वाटलंच न्हाई. आबाबी मला ल्हानपणी धुरंवर बसवायचं की, गाडी उलाळ झाली म्हंजी!"

वळणावर माल सरकला आणि शिंगांवरून खाली पडला. पुढचे पारडे एकदम रिकामे झाले. वर तोलून धरलेले यंत्राचे मागचे अंग धाडकन खाली आपटले. मागे बसलेल्यांपैकी एक पोरगा उडून पडला. मनगट मोडले, त्यावर निभावले. तो दोन हात अलीकडे पडला असता तर मागच्या चाकाखाली गेला असता.

दाजी पायरीवर बसून ऐकत होते. त्यांना ही गोष्ट आधीच ठाऊक होती. ते म्हणाले, "पोराला त्यावक्ती मीच सांगितलं. गाडी उलाळ झाली तर माणूस धुरंवर बसवायचा, पर घरला पोचायपुरता. आन् तिथं तरी शहाणा गडी काय करतोय? माणूस बसवत न्हाई, भार पुढं सरकवतोय. ह्यास्नी माल कमी करायला काय झालं हुतं?"

मंडळी, दाजींनी अनुभवाने जे सांगितले तेच यंत्रशास्त्रही सांगते. गाडीत ओझे छातीएवढ्या उंचीवर, बैल पावलापावलाने चालणारे. इथे टनाचा माल, माणसापेक्षा उंच, आणि यंत्र वेगात. मागे माणसे बसवून तोल साधला तरी साखळी, दट्ट्या, पुढचा आख यांच्यावर त्यांच्या ताकदीपलीकडचा भार पडतोच. आणि माल निसटला तर बसलेल्यांचे काय होते ते वर आलेच आहे. मोठा माल असेल तर मोठे यंत्र मागवावे, नाहीतर माल दोन खेपांत न्यावा. तिसरा मार्ग नाही.

भाच्याने त्यानंतर तिथून काम सोडले. दोन महिने घरी बसला. उसाची लावण आणि आक्काची बोलणी दोन्ही सोसली. मग रीतसर प्रशिक्षण घेऊन आताच्या जागी लागला. आज त्याच्या खिशात कंपनीने दिलेले ओळखपत्र आहे. त्यावर, हा हे यंत्र चालवू शकतो, असे लिहिलेले आहे. ते त्याने मला अशा तोऱ्यात दाखवले, जणू कुस्तीतली गदाच!

ट्रॅक्टर येतो म्हणून फोर्कलिफ्ट येत नाही

शेतकऱ्याच्या पोराला ही यंत्रे लवकर जमतात, हे खरे. हायड्रॉलिकची सवय असते, हात धीट असतो. पण तोच धीटपणा घातही करतो. म्हणून ज्यांची मुले या कामाला आहेत किंवा जाणार आहेत, त्यांनी पुढील गोष्टी मुलांशी जरूर बोलाव्यात.

ट्रॅक्टर पुढच्या चाकांनी वळतो, फोर्कलिफ्ट मागच्या. त्यामुळे तोंड इकडे वळले की शेपूट तिकडे फेकले जाते, मासोळीच्या शेपटासारखे. मागे-बाजूला उभा असलेला माणूस त्या फटक्यात सापडतो. भिंत आणि यंत्र यांच्यामध्ये तर कोणी कधीच उभे राहू नये.

ट्रॅक्टरचा पुढचा आख मधोमध एका खिळीवर डुलतो, म्हणून चार चाके असली तरी ट्रॅक्टर तिवईसारखा तीन बिंदूंवर उभा असतो. फोर्कलिफ्टमध्ये बहुधा मागचा आख असा डुलतो. परिणाम तोच, वेगाने वळले की कुशीवर कलंडते. रिकामे असताना माणूस बेफिकीर असतो आणि तेव्हाच ते जास्त कलंडते. शिंगे वर ठेवून पळवले तर विचारूच नका. चालताना शिंगे जमिनीपासून वीतभरच वर हवीत, आणि माल मागे कललेला.

उतारावरून माल नेताना माल नेहमी चढाच्या बाजूला राहिला पाहिजे. म्हणजे चढताना सरळ, उतरताना उलटे. उतारावर मध्येच वळायचे नाही. माल उंच असून पुढचे दिसत नसेल तर सपाटीवर उलटे चालवावे. मान दुखेल, पण माणूस वाचेल.

यंत्र कलंडायला लागले तर उडी मारण्याचा मोह होतो. मारू नये! चालकाच्या डोक्यावर जे लोखंडी छत असते, तेच उडी मारणाऱ्याच्या अंगावर येते. कमरेचा पट्टा बांधलेला असावा; चाक घट्ट धरावे, पाय रोवावेत आणि कलण्याच्या उलट दिशेला झुकावे.

शिंगांवर माणूस उभा करून वर चढवू नये. आपल्याकडे दिवे बसवायला, मांडवाची माळ बांधायला असे सर्रास करतात. शिंगे ही मालासाठी आहेत. उचललेल्या मालाखालून जाऊ नये, हे तर घरातल्या लेकरालाही कळावे. बॅटरी भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. तिथे विडी-काडी नको.

आणि सर्वांत महत्त्वाचे. "तुला ट्रॅक्टर येतो ना, मग बस," असे कोणी म्हणाले, तर "आधी शिकवा, मग बसतो," असे म्हणायला पोराला घरातून बळ मिळाले पाहिजे. कामावरून काढतील ही भीती प्रत्येकाला असते. घरात हप्ता असतो, बहिणीचे लग्न असते. पण मनगटावर निभावले तसे दर वेळी निभावत नाही. आई-बापांनी एकदा स्पष्ट सांगावे की, "असल्या कामाला नाही म्हणालास तर घर तुझ्या पाठीशी आहे." हे एक वाक्य कमरेच्या पट्ट्याइतकेच कामाचे आहे.

मग हमालाचे काय?

हा प्रश्न दाजींनीच विचारला. "दहा गड्यांचं काम एकटं करतंय हे. नऊ गड्यांनी काय करायचं?"

प्रश्न खोटा नाही. बैल गेले आणि ट्रॅक्टर आला, तेव्हाही तो विचारला गेला होता. त्याला सोपे उत्तर माझ्याजवळ नाही. मला एवढे मात्र दिसते की ओझे यंत्राने उचलावे आणि यंत्रावर त्या हमालाच्याच घरातला मुलगा बसावा, हे जमवणे आपल्या हाती आहे. ते जमले नाही, तर यंत्र येईल आणि बाहेरचा कोणीतरी त्यावर बसेल. आपली पोरे पुन्हा रोजंदारीच्या रांगेत. म्हणून शाळा सुटलेल्या मुलाला गावात नुसते फिरू देऊ नका. आयटीआय असो वा असले प्रशिक्षण, हातात काहीतरी कसब पडू द्या. मुलींनाही मागे ठेवू नका. या कामाला दंडातली ताकद लागत नाही. लागते ती नजर, धीर आणि वजनाचा अंदाज. डोक्यावर दोन घागरी तोलून विहिरीवरून येणारीला तोल कोणी शिकवायचा?

हे यंत्र आता शेतमालाकडेही आले आहे. निर्यातीची द्राक्षे पॅलेटवर रचूनच कंटेनरात चढतात. शीतगृहात उंच मांडण्यांवर माल ठेवायचा तर फोर्कलिफ्टच लागते. ट्रॅक्टरच्या मागच्या हायड्रॉलिकला जोडायची शिंगेही मिळतात. गावच्या सोसायटीने किंवा शेतकऱ्यांच्या गटाने गोदाम बांधायला घेतले, तर दार, फरशी आणि वळायची जागा यांचा विचार आधीच करून ठेवावा. दार अरुंद आणि फरशी कच्ची झाली की पुढे यंत्र दारातच अडते, आणि पोते पुन्हा पाठीवर येते.

निघताना आक्का मला एसटीवर सोडायला आली. म्हणाली, "आज त्या यंत्राला कुंकू लावलं बघ, तवा मनातल्या मनात म्हणलं, बाबा, माझ्या पोराला सांभाळ." मी म्हणालो, "आक्का, यंत्र सांभाळत नसतं. तूच पोराला सांग, पाटी वाचून माल उचल, आणि मागं कुणाला बसवू नको."

ती हसली. "ते आबांनी कवाच सांगितलंय. रोज डबा देताना मी इचारती, पाटी वाचतोस न्हवं रं?"

वाचक भगिनींनो, तुमच्या घरातून असा डबा जात असेल, तर उद्या सकाळी तुम्हीही हे विचारा.